‘अविनाशी चाचणी’ की ‘विनाशरहित’? आणि ‘स्क्विड’चं काय करावं?

प्रश्न :
पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी एनडीटीवर (नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग, म्हणजे वस्तू न मोडता तिची तपासणी) टिपण लिहिते आहे. एका भागाला ‘अतिसंवाहक चुंबकीय संवेदकांद्वारे पदार्थांची अविनाशी चाचणी’ असं शीर्षक दिलं (अतिसंवाहक म्हणजे खूप थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणारा), पण ‘अविनाशी’ खटकतंय. या संवेदकाला ‘स्क्विड’ म्हणतात, त्याला मराठी शब्द घालावा का, हेही सांगा.

प्रतिसाद :
‘अविनाशी’ नकोच. ज्याचा नाश होत नाही ते अविनाशी. आपल्याला म्हणायचंय की चाचणीमुळे वस्तूचा नाश होत नाही. ‘विनाशरहित चाचणी’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजेच एनडीटी’ असं जोडा. कारखान्यात मुलांच्या कानावर एनडीटी, यूटी (अल्ट्रासॉनिक म्हणजे श्राव्यातीत ध्वनीची चाचणी), डीपी (डाय पेनिट्रंट म्हणजे भेगेत रंग शिरवण्याची चाचणी) हेच पडणार आहे.

प्रतिसाद :
मला ‘अविनाशी’पेक्षा ‘अतिसंवाहक’ची जागा जास्त महत्त्वाची वाटते. हे शीर्षक वाचून एखादा विद्यार्थी समजेल की तपासायचा पदार्थच अतिसंवाहक आहे, किंवा तो द्रव हेलियममध्ये बुडवायचा आहे. तसं नाही. तपासायचा तुकडा नेहमीच्या तापमानालाच असतो, थंड असतो तो फक्त संवेदक. नायोबियमचा असेल तर द्रव हेलियममध्ये, 4.2 केल्व्हिनला, इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडचा असेल तर द्रव नायट्रोजन पुरतो, म्हणजे 77 केल्व्हिन. पात्राच्या दुहेरी भिंतीत निर्वात असतो, आणि ती भिंत जितकी पातळ तितका संवेदक तुकड्याच्या जवळ जातो. म्हणून टिपणात पहिल्याच परिच्छेदात ‘थंड संवेदक, साधा तुकडा’ असं स्पष्ट लिहा.

एवढा खटाटोप कशासाठी, हेही सांगायला हवं. भोवरा-प्रवाहाच्या (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत फिरणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या) नेहमीच्या चाचणीत तारेच्या वेटोळ्यात निर्माण होणारा विद्युतदाब (व्होल्टेज) वारंवारतेबरोबर वाढतो, म्हणून वारंवारता कमी केली की संकेत क्षीण होतो. पण खोलवर जायचं तर वारंवारता कमीच लागते. शुद्ध अॅल्युमिनियममध्ये 5000 हर्ट्‌झला प्रवाह जेमतेम 1.2 मिमी शिरतो, 50 हर्ट्‌झला सुमारे 12 मिमी. स्क्विड वेटोळ्यातला विद्युतदाब मोजत नाही, थेट चुंबकीय अभिवाह (मॅग्नेटिक फ्लक्स, म्हणजे एखाद्या क्षेत्रफळातून जाणारं एकूण चुंबकीय क्षेत्र) मोजतो, त्यामुळे कमी वारंवारतेलाही त्याची संवेदनशीलता टिकते. विमानाच्या पंखात रिव्हेटखालच्या दुसऱ्या-तिसऱ्या थरातली भेग शोधायला म्हणूनच तो उपयोगी. जर्मनीत प्रीस्ट्रेस्ड (आत ताणलेल्या पोलादी तारा घातलेल्या) काँक्रीटच्या पुलांमधल्या तुटलेल्या पोलादी तारा शोधायलाही तो वापरून पाहिला आहे : तार चुंबकित करायची आणि तुटल्या जागी गळणारं क्षेत्र वरून टिपायचं. आपल्याकडे कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने स्क्विड घडवून त्यावर अशी चाचणीयंत्रणा उभारली आहे. हे उदाहरण जरूर घाला, मुलांना ते जवळचं वाटेल.

प्रश्नकर्ती :
खूप आभार. शीर्षक बदलते : ‘स्क्विड वापरून धातूंची विनाशरहित चाचणी’. पण पूर्ण नावाचं काय? आणि स्क्विड ‘तो’ की ‘ते’?

प्रतिसाद :
पूर्ण नाव एकदाच द्या : अतिसंवाहक पुंज-व्यतिकरण उपकरण (सुपरकंडक्टिंग क्वांटम इंटरफिअरन्स डिव्हाइस, म्हणून स्क्विड). त्यातला ‘व्यतिकरण’ शब्द गाळू नका, कामाचं मर्म तिथेच आहे. अतिसंवाहक कड्यात दोन जोसेफसन संधी (अतिसंवाहकाच्या दोन भागांमधले अतिपातळ अडथळे) असतात आणि कड्यातला अभिवाह बदलला की त्यांमधल्या विद्युतप्रवाहांचं व्यतिकरण बदलतं. अशा संधीतून विद्युतप्रवाह वाहील हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन जोसेफसनचं भाकीत 1962 चं आणि असं पहिलं उपकरण 1964 मध्ये फोर्ड या मोटार कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत झालं. पुढे सगळीकडे ‘स्क्विड’च लिहा.

लिंग? ‘संवेदक’ पुल्लिंगी, म्हणून ‘तो’ सहज बसतो. ‘उपकरण’ मनात धरून ‘ते’ म्हणणारेही आहेत. एकच धरून चाला, एवढंच.

प्रतिसाद :
एक राहिलं. वर ‘अभिवाह’ लिहिलंय ते बरोबर. काही ठिकाणी त्यालाच ‘चुंबकीय स्रोत’ म्हणतात. प्रवाह या जुन्या अर्थाने ते चूक नाही, पण आजचा वाचक स्रोत म्हणजे उगम समजतो. ‘स्क्विड चुंबकीय स्रोत मोजतो’ असं वाचून तो चुंबकच शोधायला लागेल. टिपणात ‘अभिवाह’च राहू द्या.