'पॉवरहाऊस' कार्टूनसाठी रचलेलं नाही

खर्जातला: काल इथे कुणीतरी लिहिलं, "वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनमधल्या कारखान्यांसाठी बनवलेली ती गमतीदार धून." डोकं फिरलं. अमेरिकन संगीतकार रेमंड स्कॉटने 'पॉवरहाऊस' 1937 मध्ये आपल्या क्विंटेटकडून, म्हणजे छोट्या जॅझ वाद्यवृंदाकडून, ध्वनिमुद्रित केलं. कार्टूनसाठी म्हणून त्याने एक सूर लिहिला नव्हता. 1943 मध्ये त्याच्या रचनांचे हक्क वॉर्नरकडे गेले आणि त्यांच्या कार्टूनचा संगीतकार कार्ल स्टॉलिंगने हवे ते तुकडे उचलले. आधी सुसाट धावणारा भाग, मग तो जड, यंत्राचा ठेका, असं मिळून ते एक काम आहे. आपल्याला मात्र फक्त कार्टूनमधल्या कारखान्याच्या पट्ट्यावरून सरकणारे डबे आठवतात!

नीलांबरी: 'उचलले' काय? वॉर्नरचं 'बेबी बॉटलनेक' (1946) हे कार्टून बघा. पट्ट्यावरची बाळं आणि तो ठेका आता वेगळे काढताच येत नाहीत. स्टॉलिंग नसता तर ती तबकडी आज किती जणांनी ऐकली असती?

टाचणी: वादकांचं नाव दोघांनीही घेतलं नाही. स्कॉट पियानोवर तुकडा वाजवून दाखवायचा, वादक तो कानाने उचलून तालमीत बसवायचे. क्लॅरिनेटवर पीट पुमिग्लिओ, ड्रम्सवर जॉनी विल्यम्स (संगीतकार जॉन विल्यम्सचे वडील). श्रेय एकट्या स्कॉटला. मी ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन वाजवायचो. गाण्यांमधले पीस मी बसवले, पोस्टरवर नाव दुसऱ्याचं. अजून सलतं ते. आपल्याकडे शंकर-जयकिशन सगळ्यांना पाठ, त्यांचे अरेंजर (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते बसवणारे), गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा, किती जणांना माहीत आहेत?

खर्जातला: अरेंजरांसाठी वेगळा धागा काढा ना! स्कॉट सगळं घोटून घ्यायचा, एकदा बसलं की मनाचं वाजवायची मुभा नव्हती. म्हणजे रचना त्याचीच.

टाचणी: तेच तर! जॅझच्या माणसाला आयत्या वेळी सुचलेलं वाजवू द्यायचं नाही आणि वर मालकीही स्वतःची? तुम्ही कधी वाद्य हातात घेतलंय का?

खर्जातला: वैयक्तिक होऊ नका.

नीलांबरी: जरा थांबा दोघं. ठोका न् ठोका ठरलेला होता म्हणूनच तर ते चित्राच्या हालचालीला इतकं चपखल बसलं. स्कॉटची शिस्तच स्टॉलिंगच्या कामी आली.

खर्जातला: बरं, एवढं मान्य. 'बेबी बॉटलनेक'मधलं काम चोख आहे, नाही म्हणत नाही. पण ते शेअर करताना आधी स्कॉटचं नाव लिहा.

टाचणी: आणि पुमिग्लिओचं?