बस्तीतलं कुटुंब नियोजन: नवऱ्याला आणि सासूला सोबत घ्यायचं, की बाईला एकटीला विचारायचं?

मल्हारगंजकर

इंदूरला मालवा मिलच्या मागच्या बस्त्यांत मी बायकांच्या बचत गटांचं काम बघते. माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे वाद नीट घालता येईल. या बस्त्यांत मूल कधी आणि किती, हे नवरा-बायको ठरवत नाहीत. सासू ठरवते, जाऊ ठरवते, गल्ली ठरवते, आणि टाके मात्र बाईच्याच पोटावर पडतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ ३८ टक्क्यांची नसबंदी झालेली होती. पुरुष-नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. आपल्या मध्य प्रदेशात बायकांचा आकडा निम्म्याच्याही वर आहे. राज्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २.० वर आला याचं कौतुक होतं, पण तो कोणाच्या जिवावर आला हे कोणी विचारत नाही.

लग्नाला वर्ष झालं की "काही आहे का?" सुरू होतं. पहिली मुलगी झाली तर दुसऱ्याची घाई. दुसरीही मुलगीच झाली, तर ऑपरेशनचं नाव काढायची सोय नाही. मुलगा झाला की तीच सासू म्हणते, "आता टाके घालून घे." बाई तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची असते. मधल्या वर्षांत पाळणा लांबवता येतो, हे तिच्याशी घरात कोणी बोललेलं नसतं.

आशाताईने सांगितलं तरी वापरणार कसं? अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचंच घ्या. २०१७ पासून ते सरकारी कार्यक्रमात आहे, मोफत मिळतं, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं. कागदावर सगळ्यात गुपचूप चालणारं साधन. पण त्याने सुरुवातीला पाळी बिघडते, मधेच डाग पडतात, पुढे कित्येकींची पाळी थांबते. एका खोलीत सहा माणसं राहतात, पाळीत बाई देवाला हात लावत नाही, तिथे पंधरा दिवस डाग पडत राहिले तर सासूला कळायला कितीसा वेळ लागतो? आणि पाळी थांबली की शेजारीण नळावरच विचारते, "दिवस गेले का गं?" पुढच्या इंजेक्शनला ती बाई येतच नाही. नोंदवहीत लिहिलं जातं, त्रास झाला म्हणून सोडलं. खरं तर तिला त्रास इंजेक्शनपेक्षा घरच्यांचा झालेला असतो.

म्हणून मी म्हणते, नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सगळं समजावल्याशिवाय काही बदलणार नाही. पाळी थांबणं हा इंजेक्शनचा परिणाम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे सासूला आधीच माहीत असेल तर सून वाचते.

निमाडची_लेक

ताई, निदान पटलं, उपाय अजिबात पटला नाही. मी नर्स आहे. सरकारी नियमाप्रमाणे नसबंदीसाठी बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची संमती लागत नाही. तरी किती ठिकाणी तिला "मिस्टरांना घेऊन या" म्हणून परत पाठवतात! तुम्ही म्हणता तसं केलं तर या परत पाठवण्याला आपणच मान्यता दिल्यासारखं होईल.

उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात एक अभ्यास झाला होता. सासूसोबत राहणाऱ्या सुनांना घराबाहेर मनातलं बोलायला मैत्रिणी कमी असतात, आणि त्या कुटुंब नियोजनाच्या दवाखान्यातही कमी जातात, असं त्यात दिसलं. तो खेड्यांतला अभ्यास आहे, पण आपल्या बस्तीत मी रोज हेच बघते. जी बाई शेजारणीसोबत येते ती तांबी बसवून जाते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतसुद्धा ती बसवता येते आणि एक प्रकार तर दहा वर्षं चालतो. बाईला मैत्रीण मिळू द्या. सासूचं मन वळवत बसलो तर तेवढ्यात तिसरं मूल होऊन जातं.

परदेशीपुरा_८२

दोघी ताईंना नमस्कार. पुरुषांबद्दल इतकं लिहिलंत, पण त्यांच्याशी कोणी बोलतं का?

माझे वडील मिलमध्ये होते. आणीबाणीत, १९७६-७७ च्या एका वर्षात देशभर ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यातल्या ६० लाखांहून जास्त पुरुषांच्या. कितीतरी जणांना धरून नेलं होतं. ती धास्ती घराघरात बसली. सरकारने धडा घेतला तो असा की पुरुषांना सोडून सगळा भार बायकांवर टाकला. इतकं होऊनही फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याच राज्यात आदेश निघाला की पुरुष आरोग्य कर्मचाऱ्याने निदान एका पुरुषाची तरी नसबंदी करवून आणावी, नाहीतर पगार थांबेल, नोकरीही जाईल. ओरड झाली म्हणून मागे घेतला. असल्या वातावरणात कोण विश्वास ठेवणार?

आशाताई दुपारी येते, तेव्हा माणूस छावणीच्या मंडीत पोती उचलत असतो. त्याला वाटतं की ऑपरेशनने कमजोरी येईल. शरीर हेच त्याचं भांडवल, त्याची भीती खोटी कशी म्हणता? बिनटाक्याची नसबंदी पंधरा-वीस मिनिटांत होते, हलकं काम दोन दिवसांत आणि जड काम आठवड्याभरात करता येतं, हे त्याला कामाच्या जागी येऊन सांगायला हवं. शिवाय ऑपरेशननंतर तीन महिने कंडोम वापरायचा आणि मग तपासणी करायची, हे नीट सांगत नाहीत. आमच्या गल्लीत एकाचं असंच झालं. दोन महिन्यांत बायकोला दिवस गेले आणि सगळ्या गल्लीने त्या बिचारीवर संशय घेतला. त्या गल्लीत आता कोण तयार होईल?

स्पष्टवक्ता_इंदूर

एवढी चर्चा कशाला? दोनच्या वर मूल झालं की रेशन बंद करा. सगळे आपोआप सरळ होतील.

महूकर

@स्पष्टवक्ता_इंदूर, भाऊ, सक्तीचे प्रयोग आपल्याकडे होऊन गेलेत. २६ जानेवारी २००१ नंतर तिसरं मूल झालं तर सरकारी नोकरी नाही, असा इथे नियम आला. पंचायत निवडणुकीतली दोन मुलांची अट तर २००५ मध्ये काढून टाकावी लागली. रेशन बंद केलंत तर उपाशी राहील ते तिसरं लेकरू. आणि मुलगा हवा म्हणून जिला तिसऱ्यांदा दिवस राहायला लावलं, तिचा त्यात काय गुन्हा?

गरिबांना कळत नाही हा सूरही सोडा. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला होता. सभागृहाने तो फेटाळला. ज्यांना अडाणी म्हणता त्यांच्या नेत्याला ही गोष्ट तेव्हाच कळली होती.

मल्हारगंजकर

@परदेशीपुरा_८२, दादा, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. मंडीत, बांधकामावर, संध्याकाळी सात नंतर पुरुषच पुरुषांशी बोलला पाहिजे.

@निमाडची_लेक, पण तुमच्याशी मी अजून भांडणार. शेजारणीसोबत जाऊन बसवलेली तांबी एक दिवस घरात कळतेच. पाळीला अंगावरून जास्त जायला लागलं, पोट दुखायला लागलं, की सासू खोदून खोदून विचारते. मग "कोणाला विचारून बसवलीस?" म्हणून जे सुरू होतं ते मी गटातल्या एकीच्या दंडावर पाहिलंय. नर्सबाईंचं काम दवाखान्याच्या दारात संपतं, ती बाई मात्र त्या खोलीतच राहते. तिथे तिच्या बाजूने बोलणारं एक तरी माणूस घरातलंच असावं, एवढंच माझं म्हणणं.

निमाडची_लेक

ताई, माझं काम दारात संपत नाही, रात्री-बेरात्री फोन मलाच येतात. पण तुमच्या मुद्द्यावर येते. घरच्यांशी बोला, जरूर बोला, पण आधी तिला एकटीला आत घेऊन विचारा. ती "बोला" म्हणाली तरच बोला. "त्यांना नका सांगू" म्हणाली, तर इंजेक्शनचं किंवा तांबीचं कार्डसुद्धा घरी द्यायचं नाही, आमच्याकडे ठेवायचं. तुमच्या गटात हे पाळाल का, तेवढं सांगा.

मल्हारगंजकर

कार्डाचं कबूल. बाकी जिला दंडावर वळ घेऊन येताना पाहिलं, तिच्या नवऱ्याशी मी तिला न विचारताही बोलले असते. यावर आपलं एकमत होणार नाही.