डिफेंडर रोज ट्रोजन काढतो, सकाळी परत हजर. येतो कुठून?

अक्षरजुळणी:
नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याच्या गावी डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. एका कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे, त्यावर ऑपरेटर पोराने पत्रिकांच्या डिझाइनसाठी कुठलंतरी सॉफ्टवेअर क्रॅकवालं टाकलं, मला विचारलं पण नाही. यूट्यूबच्या व्हिडिओखाली लिंक होती म्हणे, झिपला पासवर्ड १२३४, आणि वर लिहिलेलं की आधी अँटिव्हायरस बंद करा नाहीतर चालणार नाही. सॉफ्टवेअर उघडलंच नाही, एक काळी खिडकी चमकली आणि गेली. तेव्हापासून दुकान उघडून मशीन चालू केली की डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) बोंबलतो, वाकाटॅक नावाचा ट्रोजन, म्हणजे साध्या सॉफ्टवेअरचं सोंग घेऊन शिरणारा व्हायरस, सापडला, क्वारंटाइन केला. मी रिमूव्ह दाबतो, दुसऱ्या दिवशी परत तेच. फाइल अ‍ॅपडेटा मधे रोमिंगच्या आत दिसते, ते फोल्डरच उडवलं तरी परत तयार होतं!! फुकटातला एक दुसरा अँटिव्हायरस टाकून बघितला तर तो म्हणतो सगळं क्लीन. फॉरमॅट मारायचं म्हटलं तर लग्नसराई चालू आहे, आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर परत अ‍ॅक्टिव्हेट करायचं म्हणजे किती फोनाफोनी ते ज्याला माहीत त्यालाच. तर डिलीट केल्यावर हा येतो कुठून, आणि फॉरमॅटशिवाय जाईल का?

निळा_पडदा:
दादा तुम्ही फेकताय ती दुधाची पिशवी, रतीब चालूच आहे. डिफेंडरला सापडते ती फाइल म्हणजे आणलेला माल, आणणारा प्रोग्राम वेगळा असतो, त्याला लोडर म्हणतात, तो एवढासा असतो आणि स्वतः काहीच वाईट करत नाही, फक्त मशीन चालू झाली की नेटवर जाऊन मुख्य ट्रोजन उतरवतो आणि चालवतो. म्हणून बऱ्याचदा तो पकडलाच जात नाही.

आता त्याला रोज उठवतं कोण, तर विंडोजच. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, रन नावाची की (नोंद) असते, तुम्ही लॉगिन केलं की त्यातलं सगळं आपोआप चालू होतं. तुमचा प्रिंटरचा आयकॉन किंवा व्हॉट्सअ‍ॅप सुरुवातीलाच उघडतं ना, ते याच किंवा अशाच रस्त्याने. ट्रोजन पण त्याच रांगेत उभा राहतो. स्टार्टअप फोल्डर हा दुसरा रस्ता, टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा विंडोजचा भाग, तिसरा, तिथे दर तासाला चालव असंही सांगता येतं. अ‍ॅडमिनची परवानगी मिळाली असेल तर सर्व्हिस (पडद्याआड चालणारा प्रोग्राम) म्हणून पण बसतो, मग कोणी लॉगिन करायची पण गरज नाही. आणि अ‍ॅपडेटातच का सापडतो, तर तिथे फाइल लिहायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत नाही, साधा यूजर पण लिहू शकतो, आणि ते फोल्डर लपवलेलं असतं त्यामुळे कोणी बघायला जात नाही.

ही युक्ती काही आजची नाही बरं का. १९८९ मधे एड्सची माहिती म्हणून फ्लॉपी पोस्टाने वाटल्या होत्या, जवळपास २०,००० लोकांना, त्यातला ट्रोजन ऑटोएक्झेक फाइलमधे (मशीन चालू होताच आपोआप चालायची ती) घुसून बसायचा आणि मशीन किती वेळा चालू झाली ते मोजायचा, साधारण ९० वेळा झालं की फाइलींची नावं गायब आणि पनामाच्या पोस्टबॉक्सवर १८९ डॉलर पाठवा म्हणून मागणी. पस्तीस वर्षं उलटली, जागा बदलल्या, डोकं तेच.

गावाकडचा_अ‍ॅडमिन:
वरचं बरोबर आहे पण दोन गोष्टी राहिल्या.

एक म्हणजे ते वाकाटॅक नाव फार मनावर घेऊ नका. नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि एमएल असेल तर डिफेंडरने मशीन लर्निंगवरून अंदाज बांधलाय, कधीकधी साध्या फाइलला पण तेच नाव चिकटवतो. पण तुमच्या केसमधे परत परत येतंय म्हणजे शंका नकोच.

दुसरं, डिफेंडरच्या सेटिंगमधे एक्सक्लूजन बघा लगेच. पोराने अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉलर चालवला आणि त्या पिवळ्या-निळ्या ढालीच्या खिडकीत येस दाबलं असणार, त्या क्षणी त्याला अ‍ॅडमिनचे हक्क मिळाले. असे इन्स्टॉलर पहिलं काम काय करतात तर एखादं फोल्डर, कधी आख्खा सी ड्राइव्ह, डिफेंडरच्या न तपासायच्या यादीत टाकतात. मग लोडर तिथे निवांत बसतो आणि वरून सगळं हिरवं दिसतं. झिपला पासवर्ड पण त्यासाठीच, ब्राउझरला आणि अँटिव्हायरसला आत बघता येऊ नये म्हणून. काही जण तर फाइलमधे नुसती शून्यं भरून ती पाच-सातशे एमबीची करतात, एवढी मोठी फाइल बरेच स्कॅनर सोडून देतात.

आता शोधायचं कसं. आपोआप चालू होणाऱ्या सगळ्याची यादी दाखवणारं मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं टूल आहे, सिसइंटर्नल्सच्या पानावर, फुकट. दुसऱ्या कुठल्या साइटवरून घेऊ नका, नाहीतर त्याच्यासोबत अजून एक येईल. अ‍ॅडमिन म्हणून उघडा, ऑप्शन्समधे मायक्रोसॉफ्टच्या एंट्री लपवा, सही (फाइलवरची कंपनीची डिजिटल सही) तपासा वर टिक करा. गुलाबी ओळी म्हणजे कंपनीचं नाव किंवा सही नाही, पिवळ्या म्हणजे फाइलच जागेवर नाही. गुलाबी दिसली म्हणजे ट्रोजनच असं नाही हां, आपल्याकडच्या जुन्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरला पण सही नसते. रस्ता कुठला दिसतोय ते वाचा. एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची स्वतःची फाइल, त्या नावाची फाइल विंडोजचं सिस्टम३२ फोल्डर सोडून अ‍ॅपडेटात असेल तर ती खोटी. टास्क शेड्युलरच्या टॅबमधे पॉवरशेलला (विंडोजचा कमांड चालवणारा प्रोग्राम) लांबलचक अक्षरांचा कचरा दिलेला दिसला तर तोच तुमचा रतीबवाला. डिलीट नका करू आधी, टिक काढा आणि स्क्रीनशॉट घ्या. हे सगळं नेटची वायर काढून.

ताक_आणि_कोड:
विंडोज काढून उबंटू टाका, विषय संपला

अक्षरजुळणी:
@ताक_आणि_कोड त्यावर फॉन्टचं डोंगल चालतं का ते सांगा मग टाकतो 😄

मीरा_लॉग्ज:
सगळेजण फाइल कशी काढायची यावर बोलताय, मला मात्र काळजी वेगळीच आहे. हा प्रोग्राम इतके दिवस बसून करत काय होता? क्रॅकसोबत येतात ते बहुतेक स्टीलर, म्हणजे पासवर्ड-माहिती चोरणारे, असतात. रेडलाइन २०२० पासून चालू होता, नंतर ल्युमा आला, मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या मे महिन्यात सांगितलं की दोन महिन्यांत ३,९४,००० विंडोज मशीन ल्युमाने बाधित झालेल्या सापडल्या. यांना तुमच्या मशीनवर कायमचं राहायची पण गरज नसते. क्रोममधे सेव्ह केलेले पासवर्ड तुमच्या विंडोज लॉगिनच्या जोरावरच उघडत होते, म्हणजे तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम ते वाचू शकायचा. गूगलने २०२४ मधे क्रोमला जादा कुलूप लावलं तर काही महिन्यांतच स्टीलरवाल्यांनी वाट काढली. आणि पासवर्डपेक्षा वाईट म्हणजे कुकीज. तुम्ही जीमेलला लॉगिन करून ठेवलंय ती खूण चोरली की त्यांना पासवर्ड पण नको आणि ओटीपी पण नको.

म्हणून आज, आत्ता, दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून: आधी जीमेलचा पासवर्ड बदला आणि सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, मग बँक, मग जीएसटी, मग बाकीचं. त्याच मशीनवर बसून पासवर्ड बदललात तर नवीन पासवर्ड पण तिकडे पोचतो. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर एक मिनिट न घालवता १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन. शिवाय दुकानात लोकांचे आधार, पॅन स्कॅन करून डेस्कटॉपवर पडलेले असतात हे मी न बघता सांगते. कोणाची डिजिटल सही यूएसबी टोकनमधे लावून ठेवता का? ते आधी काढा, ट्रोजनवाला लांबून मशीन चालवत असेल तर लावलेलं टोकन तो पण वापरू शकतो.

निळा_पडदा:
+१ मीराताई, हे मी लिहायला पाहिजे होतं पहिल्यांदा

अक्षरजुळणी:
आधार-पॅनचं बरोबर ओळखलंत, वर्षभराचे पडलेत. पासवर्ड मोबाइलवरून बदलले, जीमेलमधे कुठल्यातरी परदेशातल्या गावाचं लॉगिन दिसलं, पोटात गोळाच आला. साइन आउट केलं सगळीकडून. बँकेत काही नाही सध्या. टोकन नाही लावत आम्ही.

ऑटोरन्समधे एक टास्क सापडला, नावात ब्राउझर अपडेट असं काहीतरी आणि पुढे पॉवरशेल आणि तो कचरा, अगदी सांगितलं तसा. एक्सक्लूजनमधे आख्खा प्रोग्रामडेटा फोल्डर होता. टिक काढली, एक्सक्लूजन उडवलं, परत स्कॅन मारला तर अजून दोन सापडले. आज सकाळी डिफेंडर गप्प आहे. आता फॉरमॅट नाही केलं तर चालेल ना?

गावाकडचा_अ‍ॅडमिन:
नाही चालणार. माझं मत सांगतो, पटलं तर बघा. अ‍ॅडमिन हक्काने चाललेल्या ट्रोजनने काय काय केलं याची यादी कोणाकडेच नसते. इमोटेटचं घ्या, २०१४ ला बँकेचा ट्रोजन म्हणून सुरू झाला आणि नंतर धंदा काय तर दुसऱ्यांचे ट्रोजन पोचवायचे. २०२१ च्या जानेवारीत पोलिसांनी त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले आणि त्याच्याच वाटेने सगळ्या बाधित मशीनवर एक फाइल पाठवली, २५ एप्रिलला इमोटेट स्वतःला काढून टाकेल अशी. त्या फाइलने काढलं काय, तर इमोटेटची सर्व्हिस आणि रन की. त्याने मधल्या काळात आणून ठेवलेले बाकीचे पाहुणे तसेच. आणि नोव्हेंबरमधे इमोटेट परत आला, कोणाच्या खांद्यावर बसून, तर आधीच ट्रिकबॉट नावाचा दुसरा ट्रोजन असलेल्या मशीनवरून.

तुमच्याकडे एक टास्क सापडला. डब्ल्यूएमआयमधे (विंडोजच्या आतली कारभार बघणारी यंत्रणा) दडलेला असेल तर तो साध्या नजरेला दिसत नाही, ब्राउझरचं एक्स्टेन्शन असेल तर तुम्ही ते गूगल खात्यासोबत नव्या मशीनवर पण घेऊन जाल. सीझन संपेपर्यंत त्या मशीनला नेट देऊ नका, डिझाइन आणि प्रिंट तेवढं करा, पेनड्राइव्ह त्यातून दुसऱ्या मशीनला लावू नका. मग दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या टूलने यूएसबी बनवून त्यावरून बूट करा आणि सगळी पार्टिशन उडवून टाका. रीसेटमधलं 'माझ्या फाइली ठेवा' वालं निवडू नका. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, मशीन झेपत असेल तर त्याच वेळी ११ टाका.

अक्षरजुळणी:
बरं. पत्रिकांच्या डिझाइनच्या फाइली घेतल्या तर चालतील का, त्यात पण शिरतो का?

मीरा_लॉग्ज:
डिझाइन, फोटो, पीडीएफ घ्या, फक्त घेण्याआधी विंडोजमधे फाइलचं एक्स्टेन्शन दाखवा चालू करा, नाहीतर पत्रिका डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई नावाची फाइल पीडीएफचा आयकॉन लावून तुमच्या बॅकअपमधे बसते. ईएक्सई, शॉर्टकट, झिप, इन्स्टॉलर यातलं काही नको. मॅक्रोवाल्या (आत छोटा प्रोग्राम असलेल्या) एक्सेल शीट असतील तर त्या वेगळ्या ठेवा. फॉन्टचं सॉफ्टवेअर पण जुन्या डी ड्राइव्हवरून नाही, मूळ सीडीवरून किंवा कंपनीकडून नवीन. फोनाफोनी करावीच लागणार दादा.

अक्षरजुळणी:
सीडी आहे. ड्राइव्ह नाही 🤦

ताक_आणि_कोड:
बाहेरून लावायचा यूएसबीवाला सीडी ड्राइव्ह मिळतो, महाग नाही. आमच्याकडे एक पडून आहे, सोलापूर साइडला असाल तर मेसेज करा