पहिल्या खेपेची तपासणी कोणाकडे: फॅमिली डॉक्टर, नर्सताई की स्त्रीरोगतज्ज्ञ?

प्रश्न (होटगी रोड, सोलापूर):
माझ्या धाकट्या जावेला तिसरा महिना लागला आहे. सातव्या महिन्यापर्यंत घरच्या फॅमिली डॉक्टरांनीच तपासावे, असे सासूबाईंचे मत आहे. आरोग्य केंद्रातील नर्सताई मात्र लगेच नोंदणी करायला सांगतात. कोणाचे ऐकावे?

उत्तर १:
ताई, नोंदणी 12 आठवड्यांच्या आत व्हायला हवी, म्हणून ती आधी करा. रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची लस आणि लोहाच्या गोळ्या हे सारे नर्सताई नीट सांभाळतात, आणि या कामाला कमी लेखणे मला अजिबात पटत नाही.

उत्तर २:
सहमत आहे, परंतु रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, जुळे किंवा आधीचे सिझेरियन यांपैकी काहीही असेल, तर पहिल्यापासून स्त्रीरोगतज्ज्ञच हवेत. तसे काही नसले तरी 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी आणि प्रसूतीचे ठिकाण त्यांच्याशी बोलून वेळेत ठरवावे. फॅमिली डॉक्टरांना घरातील आजार ठाऊक असतात, त्यामुळे त्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. मात्र ते स्वतः प्रसूती करत नसतील, तर सातव्या महिन्यापर्यंत थांबणे मला धोक्याचे वाटते.

प्रश्नकर्ती:
तिचे हिमोग्लोबिन 9 आहे. खर्चाचीही चिंता आहे.

उत्तर २:
11 पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, आणि सिव्हिलमध्ये प्रसूती, अगदी सिझेरियनसुद्धा, मोफत आहे.