मदत हवी आहे : पुलाच्या खांबामागील भोवऱ्यांचे गणित
गोल खांबाला वळसा घालणारे पाणी त्याच्या दोन्ही कडांपासून सुटते आणि मागे आळीपाळीने उलटसुलट फिरणारे भोवरे सोडत जाते. स्ट्रौहल अंक (भोवरे सुटण्याची वारंवारता गुणिले खांबाचा व्यास, भागिले प्रवाहाचा वेग) सुमारे ०.२ धरला, तर सेकंदाला १ मीटर वेगाच्या प्रवाहात २ मीटर व्यासाच्या खांबाच्या एका बाजूने दर १० सेकंदांनी भोवरा सुटायला हवा. मात्र उथळ नदीत तळाचे घर्षण हे भोवरे लवकर विरवते. शिवाय पायथ्याशी घोड्याच्या नालेसारखा वेगळाच भोवरा वाळू उकरत राहतो, आणि पुलाच्या दृष्टीने मला तोच अधिक गंभीर वाटतो. पाण्याची खोली खांबाच्या व्यासाच्या किमान किती पट असावी, म्हणजे ०.२ हा अंक वापरता येईल? खड्डा वाढल्यावर मागच्या भोवऱ्यांची लय बदलते का? जाणकारांनी कृपया सविस्तर समजावून सांगावे.