रोडगे हॉलमध्ये की मागच्या अंगणात?

ए-४०१ सचिव: नमस्कार मंडळी. रविवारी संध्याकाळी ६ वाजता हळदीकुंकू आणि मग रोडग्यांचं (निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे) जेवण. थंडीचा कडाका पाहता सगळा कार्यक्रम तळमजल्याच्या हॉलमध्ये घेऊन राहिलो. रोडगे मागे गोवऱ्यांवर भाजू, वाढणं आत. वर्गणी माणशी १५० रु.

बी-२०२: आम्ही ४. पैसे पाठवले.

सी-१०३ ताई: सचिवकाका, राग मानू नका, पण सी विंगमधली निम्मी मुलं सध्या नाक ओढत शाळेत जाऊन राहिली. त्यात खिडक्या लावून एवढी माणसं हॉलमध्ये कोंबायची म्हणजे... आमच्या बाबांना दमा आहे. साधी सर्दी झाली तरी छातीत उतरते, मग रात्र रात्र बसून काढतात. त्यांनी मात्र आत्तापासून कोट उन्हात टाकला आहे. नेऊ नये वाटते, अन् नाही कसं म्हणू तेही कळत नाही.

ए-३०४ काका: एवढं काय त्यात? कान बांधा, मफलर घ्या, झालं. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ वर उतरला होता, तेव्हाही आम्ही फुटाळा तलावावर फिरायला गेलो. शिंकसुद्धा आली नाही.

बी-५०१: काकाजी, तिथे तुमच्या तोंडासमोर कोणी शिंकत नव्हतं ना!

ए-३०४ काका: म्हणजे थंडीनं सर्दी होत नाही म्हणता? सर, तुम्हीच सांगा बाप्पा यांना.

डी-२०१ सर: विचारलंच आहे तर थोडं लांब लिहितो. सर्दी होते विषाणूमुळे. त्यातला मुख्य ऱ्हायनोव्हायरस, आणि त्याचेच १६० च्या वर प्रकार. म्हणून एकदा झाली तरी पुन्हा होते, आणि लस अजून नाही. इंग्लंडात सॅलिसबरीजवळ १९४६ मध्ये फक्त सर्दीच्या अभ्यासासाठी एक केंद्र काढलं होतं. तिथे हौशी लोकांना गरम पाण्याने आंघोळ घालून ओल्या कपड्यांत गार बोळात उभं केलं. नुसत्या गारठ्याने सर्दी झाली नाही. मात्र काकाजींचं म्हणणं अगदीच खोडता येत नाही. कार्डिफला २००५ मध्ये काही जणांना २० मिनिटं गार पाण्यात पाय ठेवून बसवलं, त्यांच्यात पुढच्या चार-पाच दिवसांत सर्दीच्या तक्रारी जास्त निघाल्या. शिवाय हा विषाणू ३७ पेक्षा ३३ अंशांना, म्हणजे गार नाकात, जास्त जोमाने वाढतो. माझं मत विचाराल तर मफलर जरूर बांधा, पण आधी खिडक्या उघडा. कोंडलेल्या हवेत एकाचा श्वास दुसऱ्याच्या नाकात जातो, तिथे मफलर काय करणार?

बी-५०१: सर, परीक्षेला एवढंच येणार ना?

ए-१०२: (फॉरवर्ड) कापूर, ओवा, लवंग यांची पुरचुंडी खिशात ठेवा, कोणताही विषाणू जवळ येणार नाही. दहा ग्रुपवर पाठवा.

बी-१०४ (मेडिकलवाले): नाक मोकळं झाल्यासारखं वाटते, विषाणू काही पळत नाही. आणि लहान बाळांच्या नाकाशी कापूर नेऊच नका. आणखी एक सांगतो. लग्नाच्या आदल्या दिवशी लोक दुकानात येऊन 'उद्या गर्दी आहे, एक अँटिबायोटिक द्या' म्हणतात. ते जिवाणूंवर चालते जी, सर्दीवर शून्य.

सी-१०३ ताई: मग हळदीकुंकवाचं काय? तिथे तर हाताला हात लागतोच.

बी-१०४ (मेडिकलवाले): बरं विचारलं. खरी गंमत अत्तरात आहे. एकच फाया सगळ्यांच्या मनगटावरून फिरतो, आणि अत्तर लागल्याबरोबर प्रत्येक बाई हात कुठे नेते? थेट नाकाशी! सर्दीला याहून सोपी वाट नाही. कुंकू लावणारीला सर्दी असेल तर तिने त्या दिवशी बसू नये, लावणाऱ्या दुसऱ्या पुष्कळ आहेत.

ए-२०१ काकू: अगं बाई, खरंच की! इतकी वर्षं अत्तरदाणी मीच फिरवते. यंदा गुलाबपाणी शिंपडू, हाताला हात नको. तिळगूळही पुड्या बांधून देऊ.

बी-३०३: टेबलावर सॅनिटायझर ठेवा.

बी-१०४ (मेडिकलवाले): ठेवा, पण भरवसा साबणावर ठेवा. करोनाच्या विषाणूला चरबीचं आवरण होतं, अल्कोहोलनं ते फुटायचं. या सर्दीवाल्याला ते आवरणच नाही, त्यामुळे चोळून धुतलेलं बरं. मागच्या नळाजवळ दोन वड्या टाका.

ए-३०४ काका: आणि संत्री ठेवू नका, थंड असतात.

बी-५०१: नागपुरात राहून संत्र्यावर बंदी? काकाजी, सोसायटीची नोंदणी रद्द होईल!

ए-४०१ सचिव: बरं बरं. हॉल राहू द्या, मागच्या अंगणात घेऊ. ६ ऐवजी ४ ला सुरू, म्हणजे ऊन असतानाच हळदीकुंकू उरकेल. ज्याला ताप, खोकला किंवा दोन-तीन दिवसांतली ताजी सर्दी आहे त्याने खरंच घरी राहावं, तेव्हाच ती जास्त पसरते. त्यांचा डबा घरपोच, वर्गणीत काही फरक नाही.

डी-३०२: डबा घरी येणार असेल तर मला आत्तापासूनच सर्दी वाटून राहिली.

सी-१०३ ताई: सचिवकाका, आभार. पण गोवऱ्यांचा धूर? बाबांना सर्दीपेक्षा तोच आधी बाधेल.

ए-४०१ सचिव: हे मात्र डोक्यात नव्हतं आलं.

ए-२०१ काकू: त्यात काय! गोवऱ्या दुपारी १ लाच पेटवू. धूर निघून गेला की निखाऱ्यावर रोडगे पुरायचे, ते राखेत सावकाश होतात. तोवर बाबांनी गेटजवळच्या कडुनिंबापाशी बसावं, धुराचा रोख पाहून खुर्ची हलवू. वाढायलाही पहिलं ताट त्यांचंच.

सी-१०३ ताई: बाबा म्हणतात, तूप जास्त वाढणार असाल तरच येतो.

ए-४०१ सचिव: मंजूर. आता कामाचं बोला. वांगी आणायला रविवारी सकाळी कॉटन मार्केटला कोण जाऊन राहिलं?

बी-५०१: मी जातो. काटेरी, बारकी, बी कमी असलेलीच आणीन. सोबत कोणी या, दोन पिशव्या एकट्याने नाही उचलत.