जुन्या ऑफ-रोडरमध्ये दुसरे इंजिन बसवताना जोडभाग स्वतः घडवावेत की तयार किट घ्यावे?

धागाकर्ता
जुन्या ऑफ-रोडरमध्ये वेगळ्या जातीचे इंजिन बसवायचे ठरले, की पहिला सल्ला मिळतो तो तयार किट घेण्याचा. मला तो पटत नाही. वर्षानुवर्षे खडकाळ रस्त्यांवर पिळून निघालेली चॅसी मूळ मापांशी तंतोतंत जुळत नाही आणि किटमधले ब्रॅकेट मात्र त्या मूळ मापांवरच बेतलेले असतात. मग भोके रुंदावणे, वॉशर कोंबणे असले उद्योग सुरू होतात. त्यापेक्षा इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांना जोडून जागेवर टांगावेत, पंखा, रेडिएटर आणि स्टिअरिंग शाफ्टपासूनची अंतरे तपासावीत, पुठ्ठ्याचे नमुने कापून त्यांवरून माउंट, म्हणजे इंजिन चॅसीवर धरणारे आधार, घडवावेत. आधी केवळ टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारावेत, इंजिनाचे वजन सोडून पाहावे आणि रबर बुश काढल्यानंतरच पूर्ण वेल्डिंग करावे, कारण त्या उष्णतेत रबर टिकत नाही.

लेथवाला
माउंटपुरते मान्य आहे, पण इंजिन आणि वेगळ्या जातीचा गिअरबॉक्स जोडणाऱ्या अडॅप्टर प्लेटच्या बाबतीत हा उत्साह महागात पडेल. माउंट दोन मिलिमीटर सरकला तर रबर ते सांभाळून घेते. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि क्रँकशाफ्ट यांचे अक्ष मात्र मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांच्या आत जुळावे लागतात. बोल्ट प्लेट नुसती आवळून धरतात, तिची जागा ठरवतात त्या डॉवेल पिना, आणि पिनांची भोके हाताच्या ड्रिलने नेमकी पडत नाहीत. अक्ष चुकलेली गाडी सुरू होते, चालतेही. पुढे पायलट बेअरिंग (क्रँकशाफ्टच्या टोकात बसून इनपुट शाफ्टचे टोक धरणारे) घासते, क्लचप्लेटचा हब तडकतो आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो. शिवाय प्लेटच्या जाडीइतका गिअरबॉक्स मागे सरकतो, म्हणजे शाफ्टचे टोक पायलट बेअरिंगपर्यंत पोहोचते का, हा प्रश्न वेगळाच. ज्याच्याकडे मिलिंग मशीन आणि डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारे मापयंत्र) नाही, त्याने ही प्लेट विकतच घ्यावी.

धागाकर्ता
विकतची प्लेट आली म्हणून डायल गेजपासून सुटका होत नाही. गेज फ्लायव्हीलवर बसवून, क्रँक फिरवत बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) मधल्या भोकाची फिरकी, म्हणजे ते केंद्रापासून किती सरकले आहे, हे मोजावेच लागते. मोजमाप दोन्हीकडे अटळ असेल, तर चांगल्या वर्कशॉपकडून आपल्या मापाची प्लेट मशीन करून घेण्यात वावगे काय?

कमी काम, जास्त गाडी
मुळात अशी प्लेट लागेल असे इंजिन निवडावेच कशाला? लँड रोव्हरच्या जुन्या सिरीज गाड्यांमध्ये त्याच कंपनीच्या डिस्कव्हरी गाडीचे २.५ लिटरचे २००टीडीआय डिझेल इंजिन बसवतात, ते जुन्या २.२५ लिटर इंजिनाच्याच वंशातले असल्यामुळे. फ्लायव्हील हाउसिंगवर किरकोळ काम केले की ते मूळ गिअरबॉक्सला जोडता येते. जितके भाग कमी घडवावे लागतील तितका तो स्वॅप (इंजिनबदल) चांगला, असे माझे स्पष्ट मत आहे.

धागाकर्ता
उदाहरण चांगले आहे, पण अर्धेच सांगितलेत. डिस्कव्हरीच्या त्या इंजिनाचा टर्बो खाली असतो आणि सिरीजच्या चॅसीशी अडतो, म्हणून टर्बो ज्यावर बसतो तो मॅनिफोल्ड बदलावा किंवा फिरवून बसवावा लागतो, एक्झॉस्टही नव्याने वळवावा लागतो.

पुढचा अॅक्सल
प्लेट आणि माउंटवर एवढा खल चालला आहे, पण ऑइल चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचे, नाव कोणीच काढले नाही. सलग पुढचा अॅक्सल असलेल्या गाडीत सस्पेन्शन पूर्ण दाबले गेले, की डिफरन्शियल थेट चेंबरकडे चढते. सपाट जमिनीवर मोजलेले अंतर तिथे कुचकामी ठरते. स्प्रिंग काढून अॅक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत (अॅक्सलची वरची हद्द ठरवणाऱ्या अडथळ्यापर्यंत) उचलल्याशिवाय माउंटची उंची ठरवू नये. चेंबर कापून उथळ केला, तर तेल ओढणारी जाळीही हलवावी लागते आणि आत आडव्या पट्ट्या जोडाव्या लागतात. नाहीतर चढावर तेल मागे जमते, जाळी हवा ओढते आणि इंजिनाच्या बेअरिंगांना तेल मिळत नाही. हा भाग कोणत्याही किटवर आंधळा विश्वास ठेवून बसवण्यासारखा नाही, म्हणून एवढ्यापुरता मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे.

लेथवाला
चेंबरचे वेल्डिंग हाती घ्याच, पण बसवण्यापूर्वी त्यात रॉकेल भरून रात्रभर ठेवा. बारीक छिद्र असेल तर सांध्यावर ओल दिसते. प्लेटबद्दलचे माझे मत मात्र तेच आहे. अनोळखी वर्कशॉपने चांगली म्हणून दिलेली प्लेट मी पिनांची मापे स्वतः तपासल्याशिवाय लावणार नाही, आणि ज्याला ती तपासता येत नाहीत त्याला मी ‘घडवून घे’ असे कधीच सांगणार नाही.